‘कसारा बुद्रुक’मधले ‘बुद्रुक’ जाते कुठे?

‘सी’ भाषेतील प्रोग्राम मोकळ्या जागेपाशी का अडतो, आणि नाव पूर्ण वाचायचे तर काय करावे

शहापूर, प्रतिनिधी

ठाणे जिल्ह्याच्या पूर्वेकडे शहापूर आणि मुरबाड हे दोन तालुके सह्याद्रीला टेकून आहेत. एकातून मध्य रेल्वे कसारा घाटाकडे चढते, तर दुसऱ्यातून रस्ता माळशेज घाटाकडे वळतो. वासिंद, खर्डी, डोळखांब, टोकावडे, धसई, सरळगाव अशी येथील बहुतेक परिचित गावांची नावे एका शब्दाची. परंतु ‘कसारा बुद्रुक’सारखी दोन शब्दांची नावेही आहेत. ‘बुद्रुक’ म्हणजे मोठे आणि ‘खुर्द’ म्हणजे लहान. फारसीतून आलेले हे दोन शब्द महाराष्ट्रातील असंख्य गावांच्या नावांना जोडलेले आढळतात. एकाच नावाच्या दोन गावांमधला फरक बहुधा या दुसऱ्या शब्दावरच अवलंबून असतो.

आता समजा, ‘सी’ या संगणकीय भाषेत नुकतीच आज्ञावली लिहू लागलेल्या विद्यार्थ्याने गावाचे नाव विचारणारा एक साधा प्रोग्राम तयार केला. पडद्यावर प्रश्न आला, ‘कसारा बुद्रुक’ असे उत्तर लिहिले आणि एंटर दाबले. संगणकाने साठवून ठेवले ते केवळ ‘कसारा’. ‘बुद्रुक’ गेले कुठे? ते हरवलेले नाही. ते आत थांबून राहिले आहे आणि पुढच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून अवचित पुढे येणार आहे. ‘सी’ शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला पहिल्या काही आठवड्यांत भेटणारे हे कोडे आहे. त्याचे उत्तर मोकळ्या जागेच्या, म्हणजे दोन शब्दांमधल्या रित्या भासणाऱ्या अंतराच्या, नियमांत दडलेले आहे.

हा विषय केवळ परीक्षेपुरता नाही. शहापूर तालुक्यात आसनगाव, सापगाव येथे अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत आणि मुंबई विद्यापीठाच्या अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षात ‘सी’ भाषेतून प्रोग्रामिंगची ओळख करून देण्याची प्रथा जुनी आहे. येथून बाहेर पडणारे विद्यार्थी उद्या नावांच्या, गावांच्या, शेतकऱ्यांच्या, रुग्णांच्या याद्या हाताळणारे प्रोग्राम लिहिणार. शाळेचा दाखला, शिधापत्रिका, सातबारा आणि आधार यांवरील नावे जुळली नाहीत की काय ओढाताण होते, हे वाडीपाड्यांतून तालुक्याच्या गावी खेपा घालणाऱ्यांना ठाऊक आहे. अशा प्रत्येक चुकीचे खापर ‘सी’वर फोडता येणार नाही. सरकारी कार्यालयांतील आजच्या प्रणाली बहुधा निराळ्या भाषांत लिहिलेल्या असतात आणि टंकलेखनातल्या चुका तर सर्वत्रच होतात. परंतु नाव म्हणजे एक शब्द हे गृहीतक कोणत्याही भाषेत तितकेच घातक ठरते, आणि ते कसे घातक ठरते हे ‘सी’मध्ये सर्वांत स्वच्छ दिसते.

अक्षरांची रांग

की-बोर्डवर आपण जे लिहितो ते थेट प्रोग्रामच्या हाती पडत नाही. एंटर दाबेपर्यंत सारी अक्षरे संगणकाची मूळ कार्यप्रणाली आपल्याजवळ धरून ठेवते. एंटर दाबताच ती एकापाठोपाठ एक अशा रांगेत प्रोग्रामपुढे उभी राहतात. मुरबाडच्या एसटी स्थानकावरच्या रांगेसारखीच ही रांग असते. पुढचा पुढे, मागचा मागे, आणि ज्याला आत घेतले नाही तो जागचा हलत नाही. या रांगेत मोकळी जागा हेही एक अक्षरच असते. एंटर दाबल्याने उमटणारे ‘नवी ओळ’ हे चिन्हही रांगेच्या शेवटी उभे राहते. डोळ्यांना ते दिसत नाही इतकेच.

रांगेतील अक्षरे आत घेण्यासाठी ‘सी’मध्ये सर्वाधिक शिकवले जाणारे साधन म्हणजे ‘स्कॅनएफ’. त्याला एक साचा द्यावा लागतो. साच्यात ‘%डी’ असेल तर पूर्णांक वाचायचा, ‘%एफ’ असेल तर अपूर्णांक, ‘%सी’ असेल तर एकच अक्षर आणि ‘%एस’ असेल तर शब्द. येथे ‘शब्द’ याचा अर्थ काटेकोर आहे. मोकळी जागा नसलेली सलग अक्षरे म्हणजे शब्द.

मोकळी जागा म्हणजे नेमके काय, हेही ‘सी’ने ठरवून दिले आहे. नेहमीची स्पेस, टॅब, नवी ओळ, उभा टॅब, नवे पान आणि ओळीच्या आरंभी परतण्याचे चिन्ह अशी सहा चिन्हे मूळ व्यवस्थेत मोकळी जागा मानली जातात. ‘%एस’ला काम सांगितले की ते रांगेच्या आरंभीची ही सारी चिन्हे टाकून देते. मग पहिल्या खऱ्या अक्षरापासून अक्षरे उचलू लागते आणि पुन्हा मोकळी जागा दिसताच थांबते. ज्या जागेपाशी ते थांबले ती जागा मात्र ते उचलत नाही. ती रांगेतच राहते आणि तिच्यामागे उभे असलेले सर्व काही तसेच राहते. ‘बुद्रुक’ राहते ते येथे.

मुरबाड तालुक्यातील सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ रोजी हुतात्मा झालेले भाई कोतवाल यांचे पूर्ण नाव विठ्ठल लक्ष्मण कोतवाल. हे नाव ‘%एस’ला दिले तर हाती राहते ते केवळ ‘विठ्ठल’. वडिलांचे नाव आणि आडनाव रांगेत तिष्ठत राहते. पुढचा प्रश्न ‘गाव कोणते?’ असा असेल आणि तोही ‘%एस’नेच वाचला जात असेल, तर संगणक उत्तराची वाट न पाहता ‘लक्ष्मण’ हेच गाव म्हणून नोंदवून मोकळा होतो. त्यापुढचा प्रश्न तालुक्याचा असेल तर तालुका ‘कोतवाल’ होतो. वापरणाऱ्याला वाटते की संगणकाने प्रश्न गाळले. वास्तविक संगणकाने एकही प्रश्न गाळलेला नसतो. त्याला उत्तरे आधीच मिळालेली असतात.

हा नियम आला कोठून?

‘सी’ भाषा डेनिस रिची यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९७०च्या दशकाच्या आरंभी घडविली. युनिक्स ही कार्यप्रणाली लिहिण्यासाठी ती जन्मली. ब्रायन कर्निघन आणि रिची यांचे तिच्यावरील पुस्तक १९७८ साली आले, तर १९८९ साली अमेरिकेत तिचे प्रमाण निश्चित झाले. युनिक्सच्या जगात आज्ञा, फाइलींची नावे आणि आकड्यांचे स्तंभ मोकळ्या जागेने वेगळे केलेले असत. अशा मजकुरातून एकेक तुकडा उचलण्यासाठी ‘स्कॅनएफ’ उत्तम आहे. दोन आकड्यांमध्ये एक स्पेस आहे की दहा, की मध्येच ओळ बदलली आहे, याची चिंता त्याला करावी लागत नाही. आकडेमोडीसाठी जी सोय आहे तीच माणसांच्या नावांसाठी गैरसोय ठरते.

मोकळ्या जागेला अर्थ असतोच असे नाही, हे मराठी वाचकाला नवीन वाटू नये. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मराठी दप्तरांत वापरात असलेली मोडी लिपी शब्दांमध्ये जागा न सोडता लिहिली जाई. आधी सलग शिरोरेषा ओढायची आणि मग तिला अक्षरे लटकवीत जायचे, अशी तिची रीत. शब्द कोठे संपला हे वाचणाऱ्याने अर्थावरून ओळखायचे. शब्द तोडून लिहिण्याची शिस्त छापील बालबोध मजकुराने पक्की केली. आजही ‘शहापूरला’, ‘मुरबाडहून’ असे प्रत्यय जोडून लिहिणे शुद्ध आणि ते तोडणे अशुद्ध, हा मराठीचा आपला नियम आहे. माणूस अर्थ पाहून तोडतो, तर ‘%एस’ केवळ चिन्ह पाहून तोडते. त्याला ‘बुद्रुक’ हा नावाचाच भाग आहे हे कळण्याचा मार्ग नाही. ते त्याला सांगावे लागते.

एंटर मागे उरते तेव्हा

दुसरे कोडे याहून फसवे आहे, कारण त्यात दोन शब्दांचे नावही लागत नाही. समजा, प्रोग्राम आधी वय विचारतो आणि ते ‘%डी’ने वाचतो. मग ‘माहिती बरोबर आहे का? हो असल्यास ह, नसल्यास न’ असे विचारून एक इंग्रजी अक्षर ‘%सी’ने वाचतो. वापरणाऱ्याने ३४ लिहून एंटर दाबले. पुढचा प्रश्न पडद्यावर उमटला आणि उत्तराची वाट न पाहताच प्रोग्राम पुढे निघून गेला.

कारण असे. ३४ लिहून एंटर दाबल्यावर रांगेत तीन चिन्हे उभी राहिली: तीन, चार आणि नवी ओळ. ‘%डी’ने दोन अंक उचलले आणि नव्या ओळीपाशी ते थांबले. ‘%डी’, ‘%एफ’ आणि ‘%एस’ हे तिन्ही रांगेच्या आरंभीची मोकळी जागा आपणहून टाकून देतात. परंतु ‘%सी’ तसे करत नाही. रांगेत पहिले जे उभे असेल ते उचलणे एवढेच त्याचे काम, मग ती मोकळी जागा का असेना. त्याने नव्या ओळीचे चिन्ह उचलले आणि तेच उत्तर मानले. यात चूक ‘%सी’ची म्हणता येत नाही, कारण स्पेस हेही एक अक्षर आहे आणि कधीकधी तेच वाचायचे असते. परंतु हा भेद ठाऊक नसला तर विद्यार्थी प्रयोगशाळेत तासभर निरर्थक दुरुस्त्या करीत बसतो.

उपाय एका स्पेसचा आहे. साच्यात ‘%सी’च्या आधी एक मोकळी जागा सोडायची. साच्यातील मोकळ्या जागेचा अर्थ ‘येथे एक स्पेस असलीच पाहिजे’ असा नसून ‘येथे जितकी मोकळी जागा असेल, शून्यासह, तितकी टाकून द्या’ असा आहे. साच्यातील एक स्पेस रांगेतील दहा नव्या ओळीही गिळते.

हाच नियम उलटही बसतो. अनेक विद्यार्थी छापण्याच्या आज्ञेतील सवयीने वाचण्याच्या साच्याच्या शेवटीही नव्या ओळीचे चिन्ह लिहितात. तेथे ते ‘सारी मोकळी जागा टाकून द्या’ असाच अर्थ धारण करते. मग आकडा लिहून एंटर दाबले तरी प्रोग्राम ढिम्म हलत नाही. कितीही वेळा एंटर दाबा, ती मोकळी जागाच असल्याने तो टाकीत राहतो. एखादे खरे अक्षर येईल तेव्हाच तो पुढे सरकतो आणि ते अक्षर पुढच्या प्रश्नासाठी रांगेत शिल्लक राहते.

येथे एका जुन्या सवयीचा उल्लेख आवश्यक आहे. ‘सी’ म्हटले की आपल्याकडच्या अनेक पिढ्यांना नागपूरचे यशवंत कानेटकर यांचे ‘लेट अस सी’ हे पुस्तक आणि टर्बो सीचा निळा पडदा आठवतो. टर्बो सीच्या काळात उरलेले एंटर झटकण्यासाठी ‘एफफ्लश’ ही आज्ञा की-बोर्डच्या रांगेवर चालविण्याची रीत पडली. त्या यंत्रणेवर ती चाले. परंतु भाषेच्या प्रमाणात ‘एफफ्लश’चा अर्थ केवळ बाहेर जाणाऱ्या मजकुरासाठी ठरलेला आहे. आत येणाऱ्या मजकुरावर ती वापरली तर काय व्हावे हे प्रमाण सांगत नाही. त्यामुळे एका संगणकावर बिनतक्रार चालणारा प्रोग्राम दुसऱ्यावर बिघडतो. म्हणून आज ती रीत टाळणेच इष्ट.

एका गावाची दोन गावे

आतापर्यंतची चूक निदान डोळ्यांसमोर घडते. फाइलमधून याद्या वाचताना ती मुकाट्याने घडते आणि म्हणून अधिक धोक्याची असते. समजा, एका फाइलमध्ये प्रत्येक ओळीवर गाव, तालुका आणि अनुक्रमांक असे तीन तुकडे स्पेसने वेगळे करून लिहिले आहेत. पहिली ओळ ‘कसारा बुद्रुक शहापूर १’ आणि दुसरी ‘टोकावडे मुरबाड २’. अनुक्रमांक इंग्रजी धाटणीच्या अंकांत आहेत असे धरू, कारण ‘%डी’ला देवनागरी अंक ओळखता येत नाहीत. प्रोग्राम दर खेपेस दोन शब्द आणि एक आकडा वाचतो.

पहिल्या खेपेस गाव ‘कसारा’ आणि तालुका ‘बुद्रुक’ नोंदला जातो. मग ‘%डी’ला आकडा हवा असतो, पण समोर ‘शहापूर’ उभे असते. ‘%डी’ ते नाकारते आणि जागच्या जागी ठेवते. दुसऱ्या खेपेस गाव ‘शहापूर’ होते, तालुका ‘१’ होतो आणि आकड्याच्या जागी ‘टोकावडे’ येऊन पुन्हा नकार मिळतो. तिसऱ्या खेपेस टोकावडे, मुरबाड आणि २ असे सारे सुरळीत बसते. परिणामी दोन गावांच्या यादीतून तीन नोंदी तयार होतात, त्यांतील दोन खोट्या. पडद्यावर चुकीचा एकही संदेश येत नाही. शेवटची नोंद अचूक असल्याने वरवर पाहणाऱ्याला संशयही येत नाही.

आणि जर प्रोग्राम केवळ आकडेच वाचीत असेल, तर आकड्याऐवजी आलेला एखादा शब्द रांगेच्या तोंडाशी अडून बसतो. प्रत्येक खेपेस ‘%डी’ त्याला नाकारते, तो हलत नाही आणि प्रोग्राम अनंतकाळ त्याच ठिकाणी फिरत राहतो.

या दोन्ही आपत्ती टाळण्याचा मार्ग ‘स्कॅनएफ’ने स्वतःच दिलेला आहे, पण त्याकडे दुर्लक्ष होते. साच्यातील किती तुकडे यशस्वीपणे वाचले गेले, तो आकडा ‘स्कॅनएफ’ प्रत्येक वेळी परत सांगते. तीनची अपेक्षा असताना दोन आले तर ती ओळ बिघडलेली आहे. हा आकडा न तपासता पुढे जाणे म्हणजे पावतीवर सही आहे की नाही हे न पाहता पैसे देण्यासारखे आहे.

डबा केवढा हवा?

मोकळ्या जागेवर थांबू नका, पूर्ण ओळ वाचा, असे सांगणारे एक साधन ‘सी’मध्ये आरंभापासून होते. त्याचे नाव ‘गेट्स’. ते एंटरपर्यंतचे सारे वाचत असे, त्यामुळे नाव पूर्ण मिळे. परंतु साठवण्यासाठी ठेवलेला डबा केवढा आहे हे त्याला विचारता येत नसे. ओळ डब्यापेक्षा लांब निघाली तर उरलेली अक्षरे शेजारच्या स्मृतीवर सांडत. २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस या अमेरिकन विद्यार्थ्याने सोडलेल्या आणि त्या काळच्या इंटरनेटला हादरवून सोडणाऱ्या ‘मॉरिस वर्म’ने शिरकावासाठी जे मार्ग वापरले, त्यांत ‘गेट्स’ची हीच उणीव होती. २०११च्या प्रमाणात ‘गेट्स’ भाषेतून काढून टाकण्यात आले. कमाल लांबी न सांगता वापरलेले ‘%एस’ही याच दोषाचे धनी आहे.

मराठीसाठी हा प्रश्न अधिक नाजूक आहे. युनिकोडच्या प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत इंग्रजी अक्षर एका बाइटमध्ये मावते, तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त ही प्रत्येक स्वतंत्र चिन्हे मोजली जातात. ‘शहापूर’ आणि ‘मुरबाड’ यांना प्रत्येकी १८ बाइट लागतात. ‘विठ्ठल लक्ष्मण कोतवाल’ या नावाला दोन स्पेस धरून ५९ आणि शेवटच्या शून्यखुणेसह ६० बाइट लागतात. ‘पन्नास अक्षरे पुष्कळ झाली’ असे म्हणून ५० बाइटचा डबा ठेवणाऱ्याचा अंदाज येथे चुकतो. मर्यादा न घालता वाचले तर दहा बाइट बाहेर सांडतात. ४९ बाइटची मर्यादा घातली तर आडनावातील ‘को’ येते आणि ‘त’ हे अक्षर तीनपैकी दोन बाइटवर तुटते. पडद्यावर तेथे प्रश्नचिन्ह किंवा चौकट उमटते.

ठाण्याचा ‘ठ’

याहून चमत्कारिक गोष्ट ‘ठ’ या अक्षराची. यूटीएफ-८मध्ये ‘ठ’चे तीन बाइट २२४, १६४ आणि १६० असे आहेत. पश्चिम युरोपीय भाषांसाठीच्या जुन्या संकेतावलीत १६० हा क्रमांक मोकळ्या जागेच्याच एका प्रकाराचा, ‘न तुटणाऱ्या’ स्पेसचा आहे. ‘सी’च्या मूळ व्यवस्थेत १६० मोकळी जागा मानली जात नाही, म्हणून सहसा काही बिघडत नाही. परंतु ज्या यंत्रणेवर प्रोग्राम त्या जुन्या संकेतावलीच्या चष्म्यातून अक्षरे पाहतो आणि १६०ला मोकळी जागा समजतो, तेथे ‘ठाणे’ हा शब्द पहिल्याच अक्षराच्या पोटात तुटतो. ‘विठ्ठल’मध्ये तर ‘ठ’ दोनदा आहे. मोकळी जागा ओळखण्याचे काम स्वतः करणाऱ्या प्रोग्रामरने म्हणूनच बाइटकडे ऋण संख्या म्हणून न पाहता शून्य ते २५५ मधील संख्या म्हणून पाहिले पाहिजे, आणि अक्षरांची संकेतावली कोणती हे आधी निश्चित केले पाहिजे.

उलट प्रकारही घडतो. वेबपानावरून उचलून चिकटवलेल्या मजकुरात कधीकधी साध्या स्पेसच्या जागी हीच न तुटणारी स्पेस असते. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण ‘%एस’ तिच्यापाशी थांबत नाही आणि ‘कसारा बुद्रुक’ एकच शब्द म्हणून आत जाते. वरकरणी हे सोयीचे वाटते. मात्र साध्या स्पेसने लिहिलेल्या ‘कसारा बुद्रुक’शी ते ताडून पाहिले तर संगणक म्हणतो, ही दोन वेगळी गावे आहेत.

मग वाचावे कसे?

अनुभवी प्रोग्रामर यातून एक साधे सूत्र काढतात: आधी पूर्ण ओळ वाचा, मग तिचे तुकडे करा. त्यासाठी ‘एफगेट्स’ हे साधन आहे. डबा केवढा आहे हे त्याला सांगावे लागते, म्हणून ते बाहेर सांडत नाही. स्पेसला ते थांबत नाही, त्यामुळे ‘बुद्रुक’ सुटत नाही. दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवाव्या लागतात. पहिली, ओळीच्या शेवटचे नव्या ओळीचे चिन्हही ते डब्यात ठेवते. ते काढून टाकले नाही तर ‘शहापूर’ आणि एंटरसहित ‘शहापूर’ हे दोन निराळे शब्द ठरतात. विंडोजवर तयार झालेली फाइल लिनक्सवर वाचताना तर शेवटी दोन चिन्हे मिळतात आणि दोन्ही काढावी लागतात. दुसरी, ओळ डब्यापेक्षा लांब असेल तर उरलेला भाग रांगेतच राहतो, तोही वाचून टाकावा लागतो किंवा चूक म्हणून नोंदवावा लागतो.

ओळ हाती आली की तिच्यातील आकडे ‘एसस्कॅनएफ’ने काढता येतात. ते ‘स्कॅनएफ’चेच भावंड, पण ते रांगेऐवजी हातातल्या ओळीवर काम करते. ओळ बिघडलेली निघाली तर ती बाजूला ठेवून पुढची घेता येते आणि एका गावाची चूक दुसऱ्या गावाच्या नोंदीत शिरत नाही. ‘स्कॅनएफ’च वापरायचे असेल, तर ‘नव्या ओळीखेरीज सारे वाचा’ असे सांगणारा चौकटी कंसाचा साचा आहे. त्याला कमाल लांबी द्यावी आणि त्याच्या आधी एक स्पेस सोडावी, कारण ‘%सी’प्रमाणे तोही आरंभीची मोकळी जागा आपणहून टाकीत नाही. ‘स्कॅनएफ’ आणि ‘एफगेट्स’ यांची सरमिसळ शक्यतो करू नये. पहिल्याने मागे ठेवलेले एंटर दुसऱ्याला रिकामी ओळ म्हणून मिळते.

फाइलींच्या बाबतीत स्तंभ वेगळे करण्यासाठी स्पेस वापरू नये. स्वल्पविराम, उभी रेघ किंवा टॅब असे जे चिन्ह नावात येण्याचा संभव नाही ते निवडावे आणि त्याच चिन्हावर ओळ तोडावी. टॅब निवडला तर ‘%एस’ तेथेही थांबते आणि स्पेसपाशीही, हे विसरू नये. एखादा स्तंभ रिकामा असू शकेल, तर सलग आलेली दोन चिन्हे एकच मानणारे ‘स्ट्रटॉक’ टाळावे. नाही तर पुन्हा तालुक्याच्या जागी अनुक्रमांक येऊन बसतो.

इतर भाषाही या प्रश्नातून सुटलेल्या नाहीत. सी प्लस प्लसमध्ये वाचण्याची नेहमीची खूण मोकळ्या जागेपाशीच थांबते आणि पूर्ण ओळीसाठी ‘गेटलाइन’ वापरावे लागते. जावातील ‘स्कॅनर’मध्ये आकडा वाचून लगेच ओळ मागितली की तीच रिकामी ओळ हाती येते. पायथॉनमध्ये एका वेळी पूर्ण ओळच मिळते, म्हणून नवशिक्याला हा त्रास कमी. पण ओळीचे तुकडे करताना ‘कसारा’ आणि ‘बुद्रुक’ तेथेही वेगळे होतातच.

प्रश्न अखेर भाषेचा नसून गृहीतकाचा आहे. एखादा विद्यार्थी म्हणेल, महाराष्ट्रात नाव तीन शब्दांचे असते, तर तीन वेळा ‘%एस’ लिहू आणि काम भागवू. महाराष्ट्र शासनाने मार्च २०२४ मध्ये घेतलेल्या निर्णयानुसार १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बालकांचे नाव शासकीय दस्तऐवजांत बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव या क्रमाने नोंदवायचे आहे. म्हणजे तीन शब्द मोजणाऱ्या प्रोग्राममध्ये या मुलांचे आडनाव रांगेत उरणार आणि गावाच्या रकान्यात जाऊन बसणार. आडनाव न लावणारे आहेत, दोन शब्दांचे आडनाव असणारेही आहेत. शब्द मोजून नाव ओळखता येत नाही. ते माणूस जेथे एंटर दाबतो तेथे संपते, आणि प्रोग्रामनेही तेथपर्यंत वाचले पाहिजे.